पोर्तुगालचं प्रस्थान

मी तापट आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे वॉचमनलाही माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण पोर्तुगालच्या बाबतीत मी इतकी वर्षं जो धीर धरला, तो बघून माझी आई स्वर्गात कौतुकाने मान डोलवत असेल.

सुरुवात बँकेत झाली. मी जिथे नोकरी केली त्या शाखेत माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका वर्षी कुणा खातेदाराने दिलेलं कॅलेंडर लागलं. त्यात एका महिन्याला चढाच्या गल्लीचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना निळ्या फरशा लावलेली घरं आणि मधून वर चढणारी पिवळी ट्राम. गल्ली इतकी अरुंद की खिडकीतल्या बाईने हात लांब केला तर ट्राममधल्या माणसाला चहा देता येईल. खाली बारीक अक्षरांत लिस्बन, पोर्तुगाल. महिना संपला, पण मी पान उलटू दिलं नाही. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तारखा चुकीच्या दिसतायत." म्हटलं, "तारीख मोबाइलमध्ये बघा, सर." ते पान वर्षभर तिथेच राहिलं.

तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, रिटायर झाले की इथे जायचं. नवऱ्याबरोबर. आणि फक्त नवऱ्याबरोबर.

हे 'फक्त' फार महत्त्वाचं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक मोठी होऊन हिंजवडीत नोकरीला लागली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो आणि ठरलेले सगळे दिवस राहून परत आलो, असं एकदाही घडलेलं नाही. लग्नानंतर माथेरानला गेलो, तर सासऱ्यांचं हर्नियाचं दुखणं उठलं आणि दुसऱ्याच दिवशी सामान आवरून खाली. केरळची तिकिटं काढली, तर सासूबाईंचा पाय मुरगळला. अंदमान ठरलं, तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता माझ्या सासूबाई एकदाही "जाऊ नका" म्हणाल्या नव्हत्या. अंदमानच्या वेळी तर डोळ्याला हिरवी पट्टी लावून सांगत होत्या, "अरे जा ना, समुद्र बघायचाय तो तुम्हाला, मला नाही." पण ऐकतो कोण! आईला साधी शिंक आली तरी माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरतो. तो वाईट माणूस नाही हो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

सासरे गेले. सासूबाई ऐंशी ओलांडून गेल्या तरी ठणठणीत. मी रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, पोर्तुगाल. जाहीरच केलं, विचारलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे नवरा "बघू" म्हणाला. पुण्यात "बघू" म्हणजे नाही. पण त्याच्या तोंडून ते इतक्या मऊ आवाजात आलं, की मी ते हो म्हणूनच धरलं आणि लेकीला कामाला लावलं.

लेकीने एका रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन विमान, हॉटेल, व्हिसाची अपॉइंटमेंट सगळं करून टाकलं. "बाबा, चिल. नॉन-रिफंडेबल घेतलंय, म्हणजे तुम्हाला कॅन्सल करायचा मोहच नको," ती म्हणाली. मी तिच्या ताटात गुपचूप आणखी एक पुरी वाढली.

नवऱ्याने मात्र आधी टूर कंपनीचा आग्रह धरला होता. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, संध्याकाळी कोशिंबीर देणारी कंपनी. म्हटलं, "मला लिस्बनमध्ये कुणाच्या तरी छत्रीमागे रांगेत चालायचं नाही. आणि वरणभात मी घरी इतका केलाय, की तो बघायला सातासमुद्रापार जायची गरज नाही."

"मग तिथे खाणार काय? मासे?"

"पाव खा. बटाटे खा. दोन्ही त्यांनीच आणले ना आपल्याकडे!"

"म्हणजे वडापाव त्यांचाच म्हणायचा," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. पण एकदा मान्य केल्यावर तो कामाला लागला. निवृत्त इंजिनिअर आहे तो, त्याला काम नीट वाटून दिलं की तो सुखी असतो. कुठल्या दिवशी कुठली टेकडी चढायची, ट्रामचा पास कुठे मिळतो, सिंत्रा नावाच्या गावातले रंगीत राजवाडे सकाळी बघावेत की दुपारी, पोर्तो शहरातल्या पुलावरून चालत जाता येतं का, हे सगळं त्याने शोधून काढलं. लिस्बन चढउताराचं आहे हे कळल्यावर आम्ही रोज सकाळी घरामागच्या टेकडीवर जाऊ लागलो. नवे बूट घालून. टेकडीवर रोज भेटणारे एक गृहस्थ म्हणाले, "हिमालय का?" नवरा म्हणाला, "नाही, युरोप. हिमालयासाठी सराव लागत नाही, श्रद्धा लागते." मला त्या सकाळी त्याच्यावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात होतं तेवढं प्रेम वाटलं.

सासूबाई हे सगळं आपल्या खुर्चीतून बघत होत्या. एकदा विचारलं, "पोर्तुगाल म्हणजे ते फिरंगीच ना? वसईहून ज्यांना आपण हाकललं?"

"तेच, आई."

"मग जपून. ओळख देऊ नका पुण्याची."

आमच्या मागे त्यांच्याजवळ राहायला ठाण्याची नणंद येणार होती. खाकरे, मेतकूट, भाजणीचं पीठ, लाडू असं सगळं डायनिंग टेबलावर जमू लागलं. व्हिसा लागून पासपोर्ट घरी आले. मी ते उघडून तो शिक्का किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही. आणि मग एका संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अरे, निघायचा दिवस अमावास्येचा आहे की."

मला माहीत होतं पुढे काय होणार. नवरा स्वतःला मोठा बुद्धिवादी समजतो, घरात सत्यनारायण घालू देत नाही. पण आईच्या मनाला लागेल अशी कुठलीही गोष्ट आली की त्याचा बुद्धिवाद गुंडाळून माळ्यावर जातो. झालंच तसं. तो म्हणाला, "आई, तुला काळजी वाटत राहणार असेल तर... तारीख बदलता येते का बघतो."

"नॉन-रिफंडेबल आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"नुकसान सोसू. तिचा जीव टांगणीला लागेल त्याचं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जिवाला परस्पर टांगू नका. तारीख कशाला बदलायला हवी? प्रस्थान ठेवा."

लेकीने विचारलं, "म्हणजे काय?" तेव्हा सासूबाईंनी तिला समजावलं. जुन्या काळी माणसाला सोयीच्या दिवशी मुहूर्त मिळायचा नाही. मग काय करायचं, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवासाला जाणाऱ्याची एखादी वस्तू, थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड असं कापडात बांधायचं आणि जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. ते गाठोडं घराबाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला. मग तो स्वतः अमावास्येला जावो नाहीतर कधीही. जाता जाता ते उचलायचं आणि पुढे जायचं. घरात मात्र परत आणायचं नाही.

"आजी, हे तर वेब चेक-इन आहे!" लेक म्हणाली.

बुधवारचा दिवस चांगला निघाला. सासूबाईंनी आपल्या जुन्या खणाचा चौकोनी तुकडा काढला, तांदूळ आणि सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, "आता तुम्हा दोघांचं प्रवासाचं काहीतरी द्या." मी माझा नवा स्कार्फ दिला. नवरा सोफ्यावर बसून हे सगळं अत्यंत तुच्छतेने पाहत होता. खास पुणेरी सुरात म्हणाला, "मग पासपोर्टच बांध ना. त्याच्याइतकं प्रवासाचं दुसरं काय आहे घरात?"

आता हा टोमणा होता, हे मला कळलं, लेकीला कळलं. सासूबाईंचा जन्म सदाशिव पेठेतला, त्यांना टोमणा कळला नसेल हे शक्यच नाही. पण त्या शांतपणे उठल्या, टेबलावरचे दोन्ही पासपोर्ट घेतले, माझ्या स्कार्फमध्ये गुंडाळले, खणाची घट्ट गाठ मारली आणि गाठोडं तळमजल्यावरच्या काकूंकडे पोचवायला निघाल्या. नवरा "अगं, मी गंमत..." असं म्हणत दारापर्यंत गेला, पण लिफ्ट खाली गेली होती.

"असू दे. तळमजल्यावर तर आहेत," तो म्हणाला. "पासपोर्टचे फोटो आहेत माझ्याकडे."

मला वाटलं, झालं, संपलं. पण खरी मजा पुढे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला गेले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. स्वतःपुरता एक कप चहा केलेला. म्हणाल्या, "तू इथे कशी? तू निघालीयस ना काल?"

"आई, चहा तरी..."

"निघालेल्या माणसाला मी कुठून चहा देऊ? घरात पाय ठेवता तो झोपण्यापुरता ठेवा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मला आधी राग आला. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. भाजी कुठली, कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा, दूध तापवलं का, बाईला उद्या लवकर बोलवायचं का, यातलं काहीही माझं नव्हतं. मी निघाले होते! मी पर्स उचलली, नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, "चला, भूक लागलीय. आपल्याला घरात खायला मिळणार नाही."

ते तीन दिवस आम्ही पुण्यात परगावच्या माणसांसारखे फिरलो. सकाळी मिसळ. दुपारी एक वाजता एका दुकानात शिरायला गेलो तर मालक कुलूप लावत होते. नवरा म्हणाला, "पोर्तुगालमध्ये पण दुपारी दुकानं बंद असतात म्हणे." मालक म्हणाले, "मग त्यांना शहाणपण आहे," आणि निघून गेले. एक दिवस आम्ही मंडईत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा भाजी न घेता नुसती इमारत बघितली. वर मान करून. एका गाळ्यावरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, वर काय बघता, मेथी खाली हाय." आम्ही दोघं इतके हसलो, की मला धाप लागली. मला वाटलं, हे असं असतं तर. माणसाबरोबर फिरणं हे असं असतं, आणि आपल्याला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. आता तर मला जायचंच होतं. ट्राम नसली तरी चालेल, राजवाडे नसले तरी चालतील, पण हा माणूस असाच मोकळा मला आणखी थोडे दिवस हवा होता.

शनिवारी दुपारी ठाण्याहून नणंद आली. रविवारी सकाळी आमची टॅक्सी. आणि शनिवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, सासूबाईंना शिंका आल्या. एक, दोन, मग आणखी. नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मला पाठ आहे. माथेरानला तोच होता, केरळला तोच, अंदमानला तोच.

"अंग गरम लागतंय," तो म्हणाला.

"दादा, साधी सर्दी आहे. मी आहे ना इथे," नणंद म्हणाली.

"तू आहेस गं. पण या वयात सर्दीचं काय होईल सांगता येतं का? आणि मी तिकडे विमानात." तो माझ्याकडे वळला. "आपण पुढच्या वर्षी जाऊ. नक्की जाऊ. शब्द देतो."

तो खरंच घाबरला होता, ढोंग करत नव्हता, आणि म्हणूनच मला ओरडता येईना. माझ्यासारखी बाई गप्प बसली हे बघून नणंदसुद्धा हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी एवढंच म्हटलं, "तुम्ही राहा. मी एकटी जाते." आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एकटीला मला जायचं नव्हतंच मुळी.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "नसेल जायचं तर नको जाऊस. पण मग प्रस्थान घरात आण. ते बाहेर आणि तू आत, असं मी चालू देणार नाही."

नवरा चपला घालून खाली गेला. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी घरातून कांदा परतल्याचा वास येत होता. म्हटलं, संपला पोर्तुगाल.

तो परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"काकू नाहीत," तो म्हणाला. "काकांना विचारलं. ते म्हणाले, गाठोडं परवाच ठाण्याला गेलं. काकू मुलीकडे गेल्यात ठाण्याला, त्या घेऊन गेल्या. आई, माझा पासपोर्ट माझ्याआधी निघून गेला! हे काय आहे?"

"माझ्या कपाटात आहे, दादा. देवांच्या वरच्या खणात," नणंद म्हणाली आणि पटकन दुसरीकडे बघू लागली.

"मीच सांगितलं न्यायला," सासूबाई म्हणाल्या. "जायच्या दिशेने पुढच्या मुक्कामी नेलेलं चालतं. विमानतळाच्या वाटेवरच आहे. उद्या जाताना उचला."

"पण का? तळमजल्यावर काय वाईट होतं?"

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "माझं शेजारीच ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

आम्हाला कुणालाच काही कळेना. नणंदेलाही नाही, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हे आणि मी, दोघंच जाणार होतो म्हैसूरला. दसऱ्याला राजवाड्यावर दिवे लावतात ते बघायला. मुहूर्त नव्हता, म्हणून शेजारच्या बिऱ्हाडात प्रस्थान ठेवलं. माझं नवं पोलकं होतं त्यात. आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखत होतं हो, नाटक नव्हतं. दोन दिवसांत बऱ्याही झाल्या." त्यांनी पदराने पुन्हा नाक पुसलं. "तेव्हा मला कुणी 'राहा' म्हणालं नाही. मीच उठले, शेजारी गेले आणि गाठोडं घेऊन आले. दार ते दार चार पावलं. इतकं जवळ असलं की आणायला काही वाटत नाही रे. लांब असतं तर कदाचित विचार केला असता."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना फक्त माझ्या आड येणारं दुखणं म्हणून ओळखत होते, आणि त्यांनी तर एकदाही मला अडवलं नव्हतं.

"मग नंतर कधी गेलात म्हैसूरला?" मी विचारलं.

सासूबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "नंतर हा झाला," त्या म्हणाल्या.

नवरा आत गेला, सर्दीची गोळी आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन आला, आणि आईने गोळी घेईपर्यंत तिच्यासमोर थांबला. पेला रिकामा झाल्यावर त्याने तो हातात धरूनच मला विचारलं, "टॅक्सी किती वाजता सांगितलीयस?"

"आठला," मी म्हटलं.

"सातला सांग," तो म्हणाला. "ठाण्याला थांबावं लागेल."